वाचकांचे प्रश्न: परिषदेत पेपर वाचताना कुणी मधेच माईक घेतला तर?

प्रश्न : ताई, मी पुण्यात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या राष्ट्रीय परिषदेत आयुष्यातला पहिला पेपर वाचला, चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर काम करणाऱ्या बायकांवर. १५ मिनिटं देऊ म्हणाले होते, उद्घाटन लांबलं म्हणून ऐनवेळी ७ वर आणली. चौथ्या मिनिटाला पुढच्या रांगेतले एक सीनियर सर उठले, व्हॉलंटियरच्या हातातून माईक घेतला आणि "तुमचे गाइड कोण?" इथून जी सुरुवात केली ते "आधी इंग्रजी सुधारा" आणि मग त्यांनी स्वतः काय काय काम केलंय इथपर्यंत. सत्राचे अध्यक्ष नुसते मान हलवत बसले. बेल वाजली आणि माझे निष्कर्ष सांगायचे राहूनच गेले. घरी येऊन खूप रडले. सगळे म्हणतात या क्षेत्रात हे चालायचंच, कातडी जाड कर. माझंच काही चुकलं का?
– एक वाचक, औंध

उत्तर : नाही गं, तुझं काहीच चुकलं नाही, आणि हे सगळ्यात आधी सांगते कारण तू पत्रात तो प्रश्न शेवटी विचारलायस पण मनात तो पहिला असणार.

आता नीट बघ. त्या सरांनी जर विचारलं असतं की तू किती बायकांशी बोललीस, त्या तुला कंत्राटदारामार्फत भेटल्या का, आणि तसं असेल तर त्या पगाराबद्दल मोकळेपणी बोलल्या असतील कशावरून, तर तो प्रश्न तुला घाम फोडणारा असता पण तो चांगला प्रश्न असता, त्याने तुझा प्रबंध सुधारला असता. असे प्रश्न यायलाच हवेत, त्यासाठी तर आपण परिषदेला जातो. पण "गाइड कोण" हा पेपरवरचा प्रश्न नाही, तो तू कुणाची आहेस आणि तुझ्याशी किती आदराने बोलायचं हे ठरवायचा प्रश्न आहे. इंग्रजीचं तर मला फारच लागलं. चाकणच्या बायकांशी तू मराठीतच बोलली असणार, तुझं सगळं मटेरियल मराठीत, ते दुसऱ्या भाषेत उभं राहून सांगताना एखादं वाक्य अडखळलं तर त्यात कमीपणा कसला? पुढच्या वेळी आयोजकांना आधी मेल करून विचार की मराठीत किंवा मिसळून बोललं तर चालेल का. बरेच जण हो म्हणतात, कुणी विचारत नाही एवढंच.

मी जास्त दोष अध्यक्षांना देईन. माझ्या पहिल्या पेपरच्या वेळी असंच एक गृहस्थ मधेच उठले होते. आमच्या सत्राच्या अध्यक्ष एक बाई होत्या, साधी सुती साडी, समोर घड्याळ काढून ठेवलेलं. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही, फक्त टेबलावरचा माईक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "हिची अजून ६ मिनिटं आहेत, आपण बसून घ्या, तुमचा हात मी लक्षात ठेवलाय." ते बसले. पेपर संपल्यावर बाईंनी खरंच पहिली संधी त्यांनाच दिली, वर सांगितलं, प्रश्न एका वाक्यात. इतक्या वर्षांनंतरही मला तो पेपर आठवत नाही पण ते घड्याळ आठवतं. अध्यक्षांचं काम हेच असतं, पाहुण्यांचा परिचय करून देणं हे त्याच्या मानाने फार छोटं काम आहे.

मग गप्प का बसतात? तुलाही माहितीय. आज समोर बसलेले सर उद्या कुणाच्या तरी विद्यार्थ्याच्या व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, रेफरी असतात, परवा सिलेक्शन कमिटीवर तज्ज्ञ असतात, त्यांना दुखवायचं कसं. ही भीती खोटी नाहीये. पण तिची किंमत प्रत्येक वेळी खोलीतल्या सगळ्यात लहान माणसाने भरायची, हे मला मान्य नाही.

आणि कातडी जाड करायचं म्हणशील तर त्याने नुकसान कुणाचं होतं ते बघ. २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता, १० देशांतल्या २४७ सेमिनारमध्ये कोण प्रश्न विचारतं याची मोजणी केलेली. पुरुषांच्या मानाने बायका कितीतरी कमी प्रश्न विचारत होत्या, आणि जिथे पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तिथे ही तफावत आणखी वाढलेली. म्हणजे अध्यक्षांनी पहिला हात कुणाचा घेतला इतक्या साध्या गोष्टीचाही संबंध दिसतो. आपल्याकडे यात भाषा येते, जात येते, आडनाव विचारून "अच्छा अच्छा" म्हणणं येतं, घरातून पहिल्यांदाच इथपर्यंत पोचलेली मुलं येतात. ही मुलं एकदा अशी पोळली की पुढच्या परिषदेला येतच नाहीत, आणि मग चाकणच्या त्या बायकांबद्दल बोलायला खोलीत उरतं कोण?

पुन्हा झालं तर एकच वाक्य, आरशासमोर मोठ्याने म्हणून म्हणून पाठ कर : "सर, माझी ३ मिनिटं राहिलीत, निष्कर्ष सांगते आणि मग तुमचा प्रश्न घेते." सॉरी म्हणायचं नाही, थांबायचं नाही, लगेच पुढची स्लाइड. आणि वेळ कापली जाणारच हे धरून निष्कर्षाची स्लाइड दुसऱ्या नंबरला टाकत जा, मी स्वतः कायम तसंच करत आले. आत्ता काय करायचं तर गाइडना सगळं सांग आणि संयोजकांना साधा मेल लिही : वेळ कापली गेली, मधे बोललं गेलं, त्यामुळे पूर्ण पेपर प्रोसीडिंग्जमध्ये (परिषदेतल्या पेपरांच्या छापील संग्रहात) घ्यावा ही विनंती. लेखी असलेलं बरं.

प्रश्न : आमच्या कॉलेजात दोन दिवसांचं चर्चासत्र आहे, मी संयोजक. एका तरुण सहकारी मॅडमचं म्हणणं आहे की वागणुकीची नियमावली छापावी. पण निमंत्रित ज्येष्ठ मंडळींना तो अपमान वाटेल अशी भीती वाटते. काय करावं?
– एक प्राध्यापक, हडपसर

उत्तर : सर, छापाच. ज्यांचं वागणं मुळात नीट आहे त्यांना त्यात लागण्यासारखं काही नसतं, आणि परदेशातल्या मोठ्या परिषदांमध्ये तर नाव नोंदवतानाच नियम मान्य असल्याची टिक करावी लागते, तिथे आपलेच ज्येष्ठ विनातक्रार टिक करतात. पुण्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारणच नाही. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन १९१९ मध्ये इथेच भरलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष होते. भर सभेत मतभेद मांडायची सवय या शहराला जुनी आहे.

एक पान पुरे. कुणाच्या जातीवरून, धर्मावरून, भाषेवरून, दिसण्यावरून, लिंगावरून शेरे चालणार नाहीत असं स्पष्ट शब्दांत लिहा, "सभ्यतेने वागावे" असं मोघम लिहू नका, त्याचा कुणालाच उपयोग होत नाही. तक्रार कुणाकडे करायची त्या दोघांची नावं आणि मोबाइल नंबर, त्यातली एक तरी बाई असावी, आणि तक्रार आल्यावर काय करणार तेही (समज देऊ, सत्रातून उठवू, गरज पडली तर परत पाठवू). हे पान किटमधल्या फाइलच्या तळाशी गेलं तर वाया, म्हणून दीपप्रज्वलन झालं की माईकवर वाचून दाखवा, मिनिटभराचं काम आहे. सत्राध्यक्षांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की मधे उठणाऱ्याला बसवायची जबाबदारी तुमची. अध्यक्षांच्या हातात संयोजकांचा छापील नियम असला की त्यांनाही बरं पडतं, मी नाही थांबवत, नियम थांबवतोय असं म्हणता येतं. कुणी संशोधनाचं पोस्टर लावलं असेल तर त्याचा फोटो काढण्याआधी विचारायचं हेही त्यात टाका, छापून न आलेलं काम असतं ते.

आणि सर, मनापासून एक विनंती, उद्घाटन वेळेत संपवा. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम तासभर लांबतो आणि कात्री लागते ती नांदेडहून रात्रभर बसने आलेल्या मुलीच्या १५ मिनिटांना. तिच्या वेळेला हात न लावणं हाही नियमावलीतला नियमच धरा.

प्रश्न : परिषदेच्या यादीतून माझा नंबर घेऊन एक प्राध्यापक रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज करतात, आधी पेपरबद्दल होते, आता "एकटी राहतेस का" असे. जेवणाच्या वेळी खांद्यावर हातही ठेवला होता. ते दुसऱ्या विद्यापीठाचे आहेत. तक्रार होऊ शकते का?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : होऊ शकते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जातो ती जागा आणि तिथे जायला संस्थेने दिलेलं वाहनसुद्धा धरलेलं आहे, आणि विद्यार्थिनींसाठी यूजीसीचे वेगळे नियम आहेत. तू आधी तुझ्याच कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जा. तिथे अध्यक्ष महिला असते, निम्म्या तरी महिला सदस्य असतात, एक सदस्य बाहेरचा असतो. तक्रार लेखी लागते, लिहायला जमत नसेल तर समितीनेच मदत करायची असते, आणि तुझं नाव बाहेर फोडता येत नाही. मुदत मात्र घटनेपासून ३ महिन्यांची आहे, असे प्रकार होत राहिले असतील तर शेवटच्या प्रकारापासून, सबळ कारण असेल तर आणखी ३ महिने वाढवून मिळतात, तरी त्यावर विसंबून राहू नकोस. परिषदेच्या संयोजकांनाही कळव, तुझा नंबर यादीत सगळ्यांना वाटला कुणी हे त्यांना विचारायलाच हवं.

त्यांना उत्तर द्यायचंच असेल तर एकदाच, "कृपया मला मेसेज करू नका", बस. ब्लॉक कर पण चॅट डिलीट करू नकोस. तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून स्वतःला मेल करून ठेव, अजून काढले नसशील तर हे वाचून झालं की आधी तेवढं कर.