'मोदक' शोधणाऱ्यांत माझं गिऱ्हाईक कोण?

प्रश्न : मी वाईला राहते, चार वर्षं उकडीचे मोदक ऑर्डरने करून देते. परवा भाच्याने गुगल ट्रेंड्सवर (लोक कोणता शब्द कधी जास्त शोधतात ते दाखवणारं गुगलचं पान) 'मोदक' टाकून दाखवलं, गणपतीत रेघ थेट 100 ला आणि बाकी वर्षभर तळाशी. 100 म्हणजे शंभर माणसं का? गाळा भाड्याने घ्यायचं मनात होतं, ते सोडून देऊ का? भाचा म्हणतो आकडे खोटं बोलत नाहीत.

उत्तर : ताई, त्या रेघेवरून गाळा घेऊही नका आणि सोडूही नका. 100 म्हणजे शंभर माणसं नाहीत. तुम्ही निवडलेल्या काळात आणि भागात, एकूण शोधांच्या मानाने तो शब्द ज्या आठवड्यात सगळ्यात जास्त शोधला गेला त्याला 100 धरतात आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत, म्हणजे 50 असेल तर निम्मं. आता गणपतीचा डोंगरच एवढा मोठा की त्याच्या शेजारी बाकीचे महिने सपाट दिसणारच, पण सपाट म्हणजे रिकामे नव्हेत. भाच्याला सांगा गणपती सोडून मधले तीनेक महिने निवड, मग रोजचा ठिपका दिसतो (पाच वर्षं घेतली की आठवड्याला एकच), आणि दर संकष्टीला रेघ थोडी वर येते का तेवढं बघा.

आणि डोंगर दरवर्षी सरकतो हे विसरू नका. गणेश चतुर्थी 2023 ला 19 सप्टेंबरला होती, 2024 ला 7 सप्टेंबरला, 2025 ला 27 ऑगस्टला, त्यामुळे तयारी पंचांग बघूनच.

खरी गोष्ट पुढे आहे. 'मोदक' शोधणारा माणूस मोदक विकत घेणाराच असतो असं कुठंय? मीच गेल्या गणपतीत रात्री अकरा वाजता 'मोदकाची पारी का फाटते' शोधत बसले होते, हाताला पिठी, फोनला पिठी, ओट्यावर सारण गार होतंय. मला त्या वेळी कोणी तयार मोदक दिले असते तरी नको होते, नैवेद्य घरीच करायचा होता, पण चांगली आंबेमोहोराची पिठी कुणी देत असतं तर मी आठ दिवस आधीच घेऊन ठेवली असती! म्हणून नुसता 'मोदक' नका टाकू. 'मोदक रेसिपी', 'मोदक साचा', 'मोदक पीठ', 'मोदक ऑर्डर' असे शब्द शेजारी शेजारी लावा, एका वेळी पाच लावता येतात. रेसिपीवाले तुमच्या पिठीचे गिऱ्हाईक, ऑर्डरवाले मोदकांचे. तीच तुलना तिथेच गुगलऐवजी यूट्यूबवरचे शोध निवडून पण करा, करून बघणारे तिथे जास्त सापडतील असं मला वाटतं.

रेघेच्या खाली संबंधित शोध येतात, त्यातले वाढते शोध जरूर वाचा, लोक कोणत्या शब्दांत विचारतात ते तिथे कळतं आणि तेच शब्द तुमच्या जाहिरातीत यायला हवेत. मात्र 'ब्रेकआउट' दिसलं की हुरळून जाऊ नका, शोध 5000 टक्क्यांहून जास्त वाढला एवढाच त्याचा अर्थ, आणि आधी जवळजवळ शून्य असलं की एवढी वाढ सहज होते. आणखी एक, कोणी देवनागरीत टाइप करतं कोणी इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे 'टॉपिक' असा पर्याय येत असेल तर तो घ्या, त्यात वेगवेगळ्या भाषा आणि स्पेलिंगं एकत्र मोजली जातात.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आकडे खोटं बोलत नाहीत, पण आपण लावलेला अर्थ चुकू शकतो. गुगलनेच 2008 मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूचा अंदाज सांगायला सुरुवात केली होती, पण 2012-13 च्या हिवाळ्यात अमेरिकेत तो अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला आणि 2015 मध्ये ते काम बंद झालं. शोधणारा प्रत्येक जण आजारी नसतो, बातमी ऐकून पण माणूस शोधतोच की.

शिवाय वाईएवढ्या गावाचं चित्र तिथे मिळणार नाही, शोध कमी असले की सरळ शून्य दाखवतात. ते चित्र तुमच्याच फोनमध्ये आहे. चार वर्षांचे व्हॉट्सअॅप मेसेज काढा, कोणी कुठल्या तारखेला काय विचारलं आणि तुम्ही कशाला नाही म्हणालात ते वहीत उतरवा. संकष्टीला विचारणारे दहा-बारा जण जरी निघाले तरी गाळ्याआधी त्यांच्याकडून महिन्याची ऑर्डर ठरवून घ्या, आणि या गणपतीआधी अर्ध्या किलोची थोडी पिठीची पाकिटं काढून बघा. पाकिटावर पाण्याचं माप मात्र ठळक छापा, पारी फाटली की रात्री अकराला फोन तुम्हालाच येणार.