एका अहवालावर घोडा विकू नका

प्रश्न : मुरबाडला (जि. ठाणे) आमचा ९ वर्षांचा काठियावाडी घोडा आहे. पावसाळ्यात त्याला सडकून ताप आला होता. नंतर तीन घोड्या दाखवल्या, एकही गाभण नाही. तापानंतर महिन्याभरात वीर्य तपासलं, हलणारे शुक्राणू १५ टक्केच. घोडा विकून टाकू का?

उत्तर : दादा, थांबा. घोड्याचा शुक्राणू तयार व्हायला साधारण ५७ दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंत आणखी आठवडाभर. तुम्ही तपासलेत ते तापाच्या तडाख्यात सापडलेले शुक्राणू. ताप उतरल्यापासून अडीच महिन्यांनी पुन्हा तपासा.

आणि नमुना कसा घेतला, तेही विचारा. गोठ्यात बाटली उन्हात राहिली, काच थंड होती किंवा पाण्याचा थेंब लागला, तरी चांगले शुक्राणूसुद्धा मरतात. मी काचपट्टी, गाळणी, बाटली सगळं ३७ अंशांवर ठेवते आणि बाटलीवर काळं फडकं गुंडाळते. आधी गाळणीतून चिकट जेल वेगळं काढायचं. रंग पिवळट, वास लघवीचा आला तर तो नमुना बादच.

आठवडाभर विश्रांती, मग तासाभराच्या अंतराने दोन नमुने. दुसऱ्यात सरळ पुढे पोहणारे, धड आकाराचे शुक्राणू एकूण १ अब्ज तरी हवेत. नुसत्या टक्क्यांवर माझा भरवसा नाही. नमुना किती मिलिलिटर आणि दर मिलिलिटरमध्ये असे चांगले शुक्राणू किती, यांचा गुणाकार पाहा.

तोवर त्या तिन्ही घोड्यांचं गर्भाशय तपासून घ्या. सगळा दोष घोड्याच्याच माथी कशाला?