लेसरने दिलेलं 'पाणी'

प्रश्न असा: लेसरने पोलाद कडक करताना पाणी किंवा तेल बहुधा वापरतच नाहीत, मग त्याला 'पाणी देणं' म्हणावं का? आणि त्या प्रक्रियेच्या गणिती मॉडेलबद्दल लिहिताना 'फेज चेंज'ला 'अवस्थांतर' चालेल का?

'पाणी देणं' खुशाल म्हणा. इथे पाणी म्हणजे धातूला चढलेला कडकपणा. ग्राइंडरवर छिन्नी जास्त दाबली आणि टोक निळं पडलं की 'पाणी उतरलं' म्हणतात, ते याच अर्थाने. लोहार छिन्नीचं टोक लाल करून बुडवतो, घासून चकचकीत करतो आणि दांड्यात उरलेली धग टोकाकडे सरकताना रंग बघतो: आधी पिवळट, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग टोकाला पोचला की पुन्हा बुडवतो. लेसरमध्ये धग उलटी वाहते. पृष्ठभाग क्षणात तापतो आणि झोत पुढे सरकला की खालचं थंड पोलादच ती ओढून घेतं, सेकंदाला हजार अंश किंवा त्याहूनही वेगाने. म्हणजे पोलादच पोलादाला पाणी देतं! पातळ पत्र्यावर हे साधत नाही. कडक थर साधारण अर्धा ते दीड मिलिमीटर, आणि जाडी त्याच्या निदान आठ-दहा पट लागते. शेजारी दुसरा पट्टा मारला की पहिल्याच्या कडेचं पाणी उतरतं. तिथेही हाच शब्द चपखल.

'अवस्थांतर' मात्र टाळा. शाळेपासून अवस्था म्हणजे स्थायू, द्रव, वायू. वाचकाला वाटेल पोलाद वितळलं. इथे पृष्ठभाग वितळणं हा तर बिघाड. पोलाद स्थायूच राहतं, बदलते अणूंची मांडणी: तापल्यावर आधी ऑस्टेनाइट, मग झटकन थंड होताना कडक मार्टेन्साइट. त्याला 'प्रावस्थाबदल' हाच शब्द हवा.

क्रियाविशेषणंही जपून वापरा. ७२७ अंश सेल्सियस हे संथ तापवताना ऑस्टेनाइट व्हायला लागण्याचं तापमान. लेसरच्या वेगात कार्बनला पसरायला वेळ मिळत नाही, ऑस्टेनाइट व्हायला जास्त तापमान लागतं. मॉडेलमध्ये ७२७ च ठेवलं तर थर खऱ्यापेक्षा जाड निघतो. म्हणून ऑस्टेनाइट कोणत्या तापमानाला होतं हे लिहिताना 'तापवण्याच्या त्या वेगाला' हे शब्द गाळू नका. मार्टेन्साइटचं उलट. मार्टेन्साइट किती झालं ते काढायच्या, कोइस्टिनेन आणि मारबर्गर या संशोधकांच्या १९५९ च्या सूत्रात वेळ येतच नाही, तापमान किती खाली आलं एवढंच येतं. तेव्हा मार्टेन्साइट 'हळूहळू' होतं असं लिहू नका. 'तापमान उतरेल तसतसं' होतं.