साडेपाचशेच्या नाण्यावर हिरवट थर

प्रश्न : गुरू नानकदेवजींच्या ५५०व्या प्रकाशपर्वाचं (२०१९) ५५० रुपयांचं नाणं अल्बममध्ये होतं. कडेला हिरवट, चिकट थर आलाय. टूथपेस्टने घासू का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : अजिबात नको! घासलं की टांकसाळीची झळाळी गेलीच, ती परत येत नाही. दोष बहुधा अल्बमच्या मऊ पीव्हीसी (प्लास्टिक) पाकिटाचा. नाण्यात चांदी निम्मीच; ४० टक्के तांबं, तेच हिरवं पडतं. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन (चिकटा विरघळवणारा द्रव; नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल-सुगंध असतो) घेऊन पाच मिनिटं बुडवा. खिडकी उघडी, गॅस बंद. कडेला धरून काढा, न पुसता वाळू द्या. मग ४४ मिमीच्या कडक कॅप्सूलमध्ये (नाण्याच्या मापाची पारदर्शक डबी) ठेवा. थर खोल गेला असेल तर खालचा खड्डा मात्र राहणारच.