हात चुकायला लागले, म्हणजे डोकं कामातून गेलं का?

"मॅडम, अठरा वर्षं झाली माग चालवायलोय. आता तुटलेला धागा दिसंना झालाय. डोकं कामातून गेलं काय माझं?"

मी समुपदेशक. सोलापुरातल्या यंत्रमाग कामगारांकडून हा प्रश्न या ना त्या रूपात येतच असतो. हे गृहस्थ अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मजुरी नगावर. तुटलेला धागा नजरेतून सुटला की टॉवेल डॅमेजमध्ये जातो आणि पैसे कापले जातात. ते भरून काढायला पुढच्या पाळीत घाई, घाईत आणखी डॅमेज. वर मालकाकडून घेतलेली उचल फेडायची. मुकादम म्हणे, कामचुकार झालाय.

मी आधी झोपेचं विचारलं. बारा तासांची रात्रपाळी करून घरी यायचं, ते पत्र्याच्या एका खोलीत. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. त्याच खोलीत बायको विड्या वळते, पोरांचा दंगा चालू. झोप जेमतेम चार तास, तीही तुटक. डॅमेज कधी होतं, हे आठवायला सांगितलं तर बहुतेक पहाटे तीन ते पाच. त्या वेळी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि लक्ष ढिलं पडतं. यात आळस कुठे आला?

1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. काम अवघड असेल तर जबर धाकाने शिकणं उलट मंदावतं, असं त्यांना दिसलं. पैसे कापून माल सुधारू पाहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

डोळे तपासायला पाठवलं, तर चाळिशीचा नंबर निघाला! धागा खरोखरच दिसत नव्हता. दिवसा झोपायला भावाच्या स्लॅबच्या घरात सोय झाली. मुकादमाशी काय बोलायचं, तेही आम्ही आधी घोकलं: "माझं डॅमेज पहाटेचं आहे. तेवढा वेळ जोडीदार द्या, माल सुधारतो का बघा." अर्धा तास मिळाला. डॅमेज कमी झालं. कपात मात्र आजही चालूच आहे, आणि मजुरीचा दर काही समुपदेशनाने वाढत नाही. ते युनियनचं काम.

झोपेसाठी दारू लागत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं, मराठीतूनही.