प्रश्न वाचकांचे : तीन सेंटचं तिकीट

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की अमेरिकन सिनेमात बाई मुख्य भूमिकेत असली की मी आधी बघते, ती कामाला कुठे जाते. त्यावर बरीच पत्रं आली. पत्रं म्हणजे बहुतेक ईमेलच. टपालाने आलेली फक्त तीन, आणि त्यातलं एक नॉटपेड! बत्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या बाईला कमी तिकिटाचं पाकीट पाठवण्याची हिंमत दाखवणाऱ्या वाचकाला माझा नमस्कार. दंड मासिकाच्या कचेरीने भरला आहे. त्यांचा प्रश्न मात्र चांगला होता, म्हणून तो सगळ्यात शेवटी घेतला आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे. दिवाळीनंतर चार महिने मुलीकडे अमेरिकेत जाणार आहे. दिवसभर घरात एकटीच असेन. बायकांच्या मुख्य भूमिका असलेले, तुम्हांला मनापासून आवडलेले तिकडचे सिनेमे सांगाल का? मारामारी कमी असावी आणि जावयांसमोर बघता यावेत. – एक वाचक, इचलकरंजी

बाई, तुम्ही इचलकरंजीच्या, म्हणून पहिलं नाव ‘नॉर्मा रे’चं. १९७९ चा सिनेमा, दिग्दर्शक मार्टिन रिट, नायिका सॅली फील्ड. अमेरिकेच्या दक्षिणेतलं गिरणीचं गाव. अख्खं घरच्या घर गिरणीत, आई, बाप, मुलगी. सुरुवातीलाच आईला ऐकू येईनासं होतं, आणि डॉक्टर म्हणतो, होतं असं, येईल परत. तुमच्याकडे मागांचा खडखडाट रस्त्यावर ऐकू येतो, आणि माग चालवणारी माणसं घरीसुद्धा मोठ्याने बोलतात. त्यामुळे हा प्रसंग तुम्हांला कुणी समजावून सांगायला नको. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणींना सांगावा लागला.

या सिनेमाचं सगळं बळ आवाजात आहे. गिरणीच्या आत माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडतात, आपल्याला निम्मं कळत नाही, आणि दिग्दर्शक ते कळावं म्हणून धडपडतही नाही. मग तो प्रसंग येतो. युनियनचं काम करते म्हणून नॉर्माला कामावरून काढलेलं असतं. बाहेर काढायच्या आत ती एका टेबलावर चढते, पुठ्ठ्यावर ‘युनियन’ एवढा एकच शब्द लिहिते आणि तो डोक्यावर धरून हळूहळू गोल फिरते. भाषण नाही, घोषणा नाही. एक बाई तिचं यंत्र बंद करते. मग दुसरी. मग एक म्हातारा. शेवटी सगळी गिरणी गप्प होते, आणि आपल्या लक्षात येतं की तासभर आपण त्या आवाजात बसलो होतो.

ही गोष्ट मुळात घडलेली. नॉर्थ कॅरोलिनातल्या रोअनोक रॅपिड्स गावी जे. पी. स्टीव्हन्स कंपनीची गिरणी होती. क्रिस्टल ली सटन तिथे टॉवेलच्या घड्या घालायची, तासाला २.६५ डॉलर पगारावर. १९७३ साली तिला काढलं, तेव्हा ती अशीच टेबलावर चढली होती. पुढच्या वर्षी तिथल्या कामगारांनी युनियनच्या बाजूने मत दिलं. सॅली फील्डला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवातही सर्वोत्तम अभिनेत्री तीच.

आणखी एक सांगते. न्यूयॉर्कहून आलेला युनियनचा माणूस आणि नॉर्मा सिनेमाभर रात्रंदिवस एकत्र काम करतात, आणि निरोप घेताना हस्तांदोलन करतात. बस. आपल्याकडे निर्मात्याने तिथे गाणं घातलं असतं. जावयांचं म्हणाल, तर नॉर्माची मुलं वेगवेगळ्या बापांची आहेत, आणि सुरुवातीला एका विवाहित माणसाबरोबरचा लॉजवरचा प्रसंग आहे. एवढं त्यांना सोसावं.

‘एरिन ब्रॉकोविच’ (२०००) मात्र एकट्याने बघा, तिचं तोंड फार शिवराळ आहे. ज्युलिया रॉबर्ट्स. तीन मुलं, नोकरी नाही. शेजारचा मोटारसायकलवाला फोन नंबर मागतो, तेव्हा ती त्याला नंबरच नंबर ऐकवते : मुलांची वयं, दोन घटस्फोट, बँकेत उरलेले १६ डॉलर, आणि मग फोनचा. इतक्या थोडक्यात एका बाईचं पासबुक कुणी वाचून दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. पुढे ती वकिलाच्या कचेरीत कारकून होते आणि फायलींत नको ते कागद का आहेत, असा प्रश्न विचारते. त्यातून हिंक्ली गावाच्या पाण्यातल्या क्रोमियमचं प्रकरण बाहेर येतं. खऱ्या खटल्यात वीज-गॅस कंपनीला १९९६ साली ३३ कोटी ३० लाख डॉलर द्यावे लागले. सिनेमात ज्युलिया रॉबर्ट्सला हॉटेलात वाढायला येणारी वेट्रेस ही खरी एरिन ब्रॉकोविच आहे, नीट बघा.

तुमची सर्वांत लाडकी नायिका कोण? एकच नाव सांगा, पळवाट नको. – एक वाचक, कोल्हापूर

मार्ज. ‘फार्गो’ (१९९६) मधली. मिनेसोटातल्या ब्रेनर्ड गावची पोलीसप्रमुख, सात महिन्यांची गरोदर. भूमिका फ्रान्सेस मॅकडोर्मंडची.

सिनेमा सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने ही नायिका येते, तीही झोपलेली. पहाटे फोन वाजतो, खून झालाय. नवरा म्हणतो, थांब, अंडी करून देतो, उपाशी जाऊ नकोस. ती खाते, निघते, परत येते, कारण गाडी सुरू होत नाही. मग बर्फात उभी राहून पावलांच्या खुणांवरून काय घडलं असेल ते सांगते, मधेच वाकते, हवालदाराला वाटतं काहीतरी सापडलं. तिला मळमळत असतं. तेवढ्यापुरतं. मग पुन्हा भूक.

आता खरं कारण. मार्जचा नवरा चित्रकार आहे. टपाल तिकिटावरच्या चित्राच्या स्पर्धेत त्याने बदकाचं चित्र पाठवलंय. शेवटच्या प्रसंगात दोघं पलंगावर टीव्ही बघत असतात आणि तो सांगतो, माझं चित्र घेतलं, पण तीन सेंटच्या तिकिटावर. मोठं तिकीट दुसऱ्याला गेलं. तो हिरमुसलेला. ती म्हणते, अरे, टपालाचे दर वाढले की लोकांना छोटी तिकिटंच लागतात.

मी उठून उभी राहिले हो! पोस्टकार्ड पंधरा पैशांवरून पंचवीसवर गेलं, तेव्हा जुनी कार्डं घरात असलेले लोक दहा-दहा पैशांची तिकिटं मागायला माझ्या खिडकीपुढे रांग लावून उभे होते. तिकिटं संपली आणि मी शिव्या खाल्ल्या. हॉलिवूडमध्ये ही गोष्ट कुणाला तरी ठाऊक होती. दिवसभर खुनी माणसाच्या मागे लागून आलेली बाई रात्री नवऱ्याला असा धीर देते.

पण इचलकरंजीच्या बाईंनी हा बघू नये. रक्त बरंच आहे, आणि लाकडं बारीक करायच्या यंत्राचा एक प्रसंग मी आजही डोळ्यांवर हात धरून बघते. सुरुवातीला ‘ही सत्यघटना आहे’ अशी पाटी येते, ती थाप आहे.

ऑस्कर मिळालं म्हणून ‘नोमॅडलँड’ पाहिला. दोन तास काही घडत नाही. बाई गाडीतून फिरते, संपला. यात काय आवडायचं? – एक वाचक, नागपूर

तुम्ही पहिल्या मिनिटात चहा आणायला उठला होता का? सुरुवातीच्या अक्षरांत सगळं घडून गेलेलं आहे. नेवाडा राज्यात एम्पायर नावाचं कंपनीचं गाव होतं. भिंतींना लावायच्या जिप्समच्या तावांची मागणी घटली, आणि ८८ वर्षं चाललेला कारखाना ३१ जानेवारी २०११ ला बंद झाला. जुलैपर्यंत त्या गावाचा पिनकोड, ८९४०५, रद्द केला.

पिनकोड रद्द केला! आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. मी नोकरीला लागले तेव्हाही लोक पाकिटावर तो लिहायला कुरकुर करत, आणि आम्ही त्यांना सांगत असू की गाव एक वेळ चुकेल, हा आकडा चुकणार नाही. आकडाच काढून घेतला तर त्या गावाला पत्र घालणार कसं? मी तिथे सिनेमा थांबवला आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

नंतर त्या गावची फर्न, म्हणजे पुन्हा फ्रान्सेस मॅकडोर्मंड, गाडीत संसार थाटते. बघायचं ते तिचं काम. नाताळच्या दिवसांत ॲमेझॉनच्या गोदामात खोकी भरायची, उन्हाळ्यात तंबूंच्या मैदानावरचे संडास धुवायचे, मग एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, मग बीटच्या हंगामात. साठीची बाई हंगामाप्रमाणे फिरते. ऊसतोडीच्या टोळ्या बघणाऱ्या माणसाला यात ‘काही घडत नाही’ असं का वाटावं? फर्नला भेटणारी बरीच माणसं, लिंडा मे, स्वँकी, खरोखर अशीच राहणारी आहेत आणि स्वतःच्याच नावाने पडद्यावर आली आहेत. दिग्दर्शिका क्लोई झाओ. दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालेली ती दुसरीच बाई, पहिली कॅथरिन बिगेलो.

तरी तुम्हांला कंटाळा आला असेल, तर आला. माझ्या बहिणीलाही आला.

‘एलियन’मधली रिप्ली मुळात बाई म्हणून लिहिलेलीच नव्हती म्हणतात. मग तिला स्त्रीप्रधान सिनेमा म्हणायचं का? – एक विद्यार्थी, नाशिक

एकेरीत लिहिते, भाच्याच्या वयाचा असशील. ऐकलंस ते खरं आहे. पटकथेतच टीप होती की यातली कुठलीही भूमिका पुरुषाने किंवा बाईने करावी. ‘एलियन’ १९७९ चा, म्हणजे ‘नॉर्मा रे’च्याच वर्षाचा, दिग्दर्शक रिडली स्कॉट, आणि रिप्ली झाली सिगर्नी वीव्हर.

माझ्या मते त्यामुळेच ती चांगली झाली. बाई लिहायला बसलं की लेखक तिला आधी रडवतात किंवा सजवतात. इथे त्यांनी फक्त एक कर्मचारी लिहिला. ते अंतराळयान तरी काय आहे, खनिज वाहून नेणारा मालवाहू ट्रक. जेवायला बसल्या बसल्या दोघं मेकॅनिक बोनसवरून भांडतात.

सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग दारापाशी आहे. तिघं बाहेरून परत येतात, एकाच्या तोंडाला काहीतरी चिकटलेलं. कॅप्टन म्हणतो, दार उघड. रिप्ली म्हणते, नाही, नियमाप्रमाणे चोवीस तास वेगळं ठेवायला हवं. तो माणूस मरेल. तरीही नाही. सगळे तिच्यावर चिडतात, आणि दुसराच कुणीतरी दार उघडतो. मग जे व्हायचं ते होतं.

‘नियमात बसत नाही’ हे वाक्य मी नोकरीत हजारो वेळा म्हटलंय आणि दर वेळी समोरच्याने मला दगडाच्या काळजाची ठरवलंय. अख्ख्या जगाच्या सिनेमात काउंटरवरच्या बाईची बाजू घेतलेली मी ही एकदाच पाहिली.

एक तक्रार आहे. शेवटी तिला अंतर्वस्त्रांवर आणायची काही गरज नव्हती. तिच्या जागी पुरुष असता तर त्याला आणलं असतं का, हे तुझ्या मित्रांना विचार.

शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींना ‘हिडन फिगर्स’ दाखवायचा आहे. त्यातलं खरं किती, खोटं किती? – एक मुख्याध्यापिका, कराड

जरूर दाखवा. कॅथरिन जॉन्सन, डोरोथी वॉन, मेरी जॅक्सन, अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेत गणितं करणाऱ्या या कृष्णवर्णीय बायका, तिघीही खऱ्या. व्हर्जिनियातल्या लँगली इथे ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचं नव्हे, आकडेमोड करणाऱ्या बायकांच्या हुद्द्याचं नाव होतं, हे मुलींना आधी सांगा, त्यांना गंमत वाटेल.

कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्वच्छतागृहासाठी कॅथरिन अर्धा मैल पळते, ते तिच्या बाबतीत तसं घडलं नव्हतं. ती सरळ जवळचं वापरत असे. तो अपमान मेरी जॅक्सनच्या वाट्याला आला होता. आणि गोरा साहेब हातोड्याने पाटी फोडतो, तो साहेबही कल्पित आणि ती पाटी फोडणंही. मला तो प्रसंग खटकतो. बायकांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामावर साहेबाने टाळ्या घेतल्या. डोरोथी वॉन तर १९४९ सालीच विभागप्रमुख झाली होती, सिनेमात तिला १९६१ पर्यंत ताटकळत ठेवलंय.

अंतराळवीर जॉन ग्लेनने उड्डाणाआधी ‘त्या मुलीकडून आकडे तपासून घ्या’ म्हटलं, ते मात्र खरं. ते उड्डाण २० फेब्रुवारी १९६२ चं. सिनेमात कॅथरिन काही मिनिटांत उत्तर घेऊन धावते. खरं तर तिला दीड दिवस लागला होता, हिशेबाच्या यंत्रावर आकडा आकडा तपासत. तुम्ही गणिताच्या बाई असाल तर हा दीड दिवस फळ्यावर लिहून ठेवा.

‘थेल्मा अँड लुईझ’चा शेवट तुम्हांला पटतो का? – एक वाचक, ठाणे

शेवट मी इथे सांगणार नाही, इचलकरंजीच्या बाईंनी अजून पाहिला नाहीये. मला पटतो. कॅली खूरीची ही पहिलीच पटकथा आणि तिला ऑस्कर मिळालं. सुझन सरंडन आणि जीना डेव्हिस दोघींनाही नायिकेचं नामांकन होतं, आणि मिळालं ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’च्या जोडी फॉस्टरला. एवढ्या चांगल्या वर्षी तक्रार कुणाकडे करणार?

तुम्ही हे सिनेमे बघायला कुणाबरोबर जायचात? घरच्यांना आवड होती का? – एक गृहिणी, चिपळूण

(नॉटपेड पाकीटवाल्या त्या याच.) घरी कुणालाच आवड नव्हती. यजमानांना इंग्रजी सिनेमात झोप लागायची, आणि घोरणाऱ्या माणसाचं तिकीट कशाला काढायचं? म्हणून रविवारी दुपारी, भांडी आवरून, मी एकटीच कॅम्पातल्या एका थिएटरला जायची. खिडकीतला माणूस विचारायचा, किती? मी म्हणायची, एक. तो माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, आणखी कुणी येतंय का. आठवडाभर खिडकीच्या आत बसणारी मी, बाहेर उभी राहिल्यावर मला ते बघणं फार टोचायचं.

चौथ्या-पाचव्या खेपेनंतर त्याने मागे बघणं सोडलं. न विचारता एक तिकीट फाडायचा, आणि कडेची, खांबाजवळची सीट द्यायचा, म्हणजे शेजारी येऊन कुणी बसू नये. खांबामुळे पडद्याचा उजवा कोपरा दिसत नसे. मी कधी सीट बदलून मागितली नाही. ‘एलियन’चा पुढचा भाग ‘एलियन्स’ तिथूनच पाहिला, आणि त्या कोपऱ्यात काय काय होतं, ते वीस वर्षांनी टीव्हीवर कळलं.