एआर-३ए, जेबीएल एल-१०० की रॉजर्सचे एलएस३/५ए : ख्याल ऐकणाऱ्यानं काय घ्यावं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की न्यू जर्सीत स्पीकरच्या तीन जुन्या जोड्या समोर आल्यात, एआर-३ए, जेबीएल एल-१०० आणि रॉजर्सचे १५ ओहमवाले एलएस३/५ए, त्यातली एकच घ्यायचीय, खोली १२ बाय १४, अँप मरँट्झ २२३०, ऐकणं मुख्यतः ख्यालाच्या एलपी आणि मूड आला की रॉक, आणि पुढेमागे सगळं सामान पुण्याला न्यायचंय. लगेच सांगून टाकतो, एआर-३ए घ्या, पण मागचे दोन पॉट (मधल्या आणि वरच्या सुरांचा आवाज कमीजास्त करायच्या कळा) चालू असतील किंवा हाताने दुरुस्त करायची तयारी असेल तरच. तसं नसेल तर मग विचार बदलतो, तो कसा ते खाली.

आधी एआर, म्हणजे अकूस्टिक रिसर्च. पन्नासच्या दशकापर्यंत खरा बेस हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. एडगर विलचर यांनी काय केलं, वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कोन मुद्दाम सैल टांगला आणि पेटी हवाबंद केली, म्हणजे कोनला मागे खेचायचं काम रबर-कापडाऐवजी आत कोंडलेली हवाच करायला लागली, आणि हवेची स्प्रिंग कापडापेक्षा कितीतरी सरळ वागते, त्यामुळे बेस खोल आणि स्वच्छ. १९५४ मध्ये त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला कंपनी काढली, १९५८ च्या एआर-३ मध्ये डोम मिडरेंज आणि डोम ट्वीटर (मधल्या आणि वरच्या सुरांचे घुमटाकार छोटे स्पीकर) आले, आणि १९६७ ला आली ती ही ३ए. १२ इंची वूफर फक्त ५७५ हर्ट्झपर्यंत, तिथून दीड इंची डोम ५ हजारपर्यंत, त्याच्या वर पाऊण इंची डोम. या सगळ्याची किंमत म्हणजे स्पीकर वॉट खातो आणि तोही ४ ओहमचा. तुमच्या २२३० चे ३० वॉट त्या खोलीत पुरतील, पण शेजाऱ्यांना त्रास देता येईल एवढे नाही.

आता ख्यालाचं म्हणाल तर मी जुना स्पीकर तानपुऱ्यावर तपासतो. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणारा पुरुष गायक घ्या, त्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ च्या आसपास. ही तार तुमच्या स्पीकरमधून खरंच येते का, की तिचे वरचे स्वर ऐकून डोकं स्वतःच ती भरून काढतंय? एआर-३ए पार चाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो, त्यामुळे खर्ज खर्जासारखा येतो, आणि डग्ग्यावर मनगट दाबून केलेली घुमक जमिनीतून येते तशी येते पण ढुमढुम होत नाही. वरच्या अंगाला हा स्पीकर जरा मऊ आहे. आजच्या स्पीकरवरून थेट यावर आलात तर पहिली पाच मिनिटं वाटेल की पडद्यामागून गातायत. थांबा जरा, तानपुऱ्याच्या जवारीचा झंकार सगळ्या खोलीत सारखा पसरलेला ऐकू यायला लागतो, कारण ते छोटे डोम आवाज रुंद फेकतात आणि तुम्ही सोफ्याच्या कुठल्या टोकाला बसलाय याचा फारसा फरक पडत नाही.

एल-१०० चा स्वभाव अगदी उलट. स्टुडिओतला ४३१० मॉनिटर (ध्वनिमुद्रण तपासायचा स्पीकर) होता, त्याचाच हा १९७० चा घरगुती अवतार, १२ इंची पांढरा कोन, ५ इंची मिड, कोन ट्वीटर आणि पुढे तो चौकड्यांचा फोमचा नारिंगी किंवा निळा ग्रिल. खुर्चीत रेलून बसलेल्या माणसाचे केस आणि टाय वाऱ्याने उडतायत अशी मॅक्सेल कॅसेटची जाहिरात आठवत असेल, त्यातला स्पीकर हाच. यात गंमत अशी की वूफरच्या वाटेत क्रॉसओव्हरची (वेगवेगळे सूर वेगवेगळ्या स्पीकरला वाटून देणाऱ्या सर्किटची) कॉइलच नाही, त्याला अख्खा सिग्नल थेट जातो आणि वरच्या पट्टीत तो जमेल तसा आपोआप गळतो. त्यामुळे मधल्या भागात वूफर आणि मिड दोघं एकदमच बोलतात आणि आवाज पुढे येऊन बसतो. स्नेअर ड्रम, इलेक्ट्रिक गिटार, काय सांगू, मजाच. पण जुन्या मोनो एलपीवरची हार्मोनियम लावा आणि तार सप्तकातली तान येऊ द्या, दहा मिनिटांत हात व्हॉल्यूमकडे जातो. शिवाय ही पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी मुद्दाम भोक ठेवलेली पेटी आहे, पोर्टच्या ट्यूनिंगखाली कोनला आवरायला आत काहीच नसतं, त्यामुळे वाकडी रेकॉर्ड लावली की तो पांढरा कोन नुसता आतबाहेर हलताना दिसतो. आपल्या एलपी किती सरळ असतात ते तुम्हाला माहितीये!! रॉक मुख्य आणि ख्याल अधूनमधून असतं तर मी डोळे झाकून हेच सुचवलं असतं.

एलएस३/५ए बद्दल लोक फार हळवे होतात. बीबीसीनं बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या व्हॅनमध्ये ठेवायला सत्तरच्या दशकात केलेला छोटा मॉनिटर, फूटभर उंच, केईएफचा टी-२७ ट्वीटर आणि बी-११० वूफर, रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडॉर, हार्बेथ अशा बऱ्याच जणांनी परवाना घेऊन बनवला. गळा याच्यासारखा तिघांत कोणाचाच नाही हे कबूल. श्वास, आकाराची सुरुवात, ओठ मिटताना होणारा फरक, सगळं डोळ्यांसमोर. पण खाली सत्तर-ऐंशीच्या पुढे याचं काही चालत नाही, आणि ती उणीव लपवायला सव्वाशे ते दीडशे हर्ट्झच्या भागात मुद्दाम थोडा फुगवटा दिलाय. आता बघा, काळी पाचला गाणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण ११७ हर्ट्झ, म्हणजे बरोबर त्या फुगवट्याच्या पायथ्याशी, त्यामुळे तो तानपुरा भरदार आणि सुंदर वाटतो, आणि लगेच काळी एकचा पुरुष लावला की खर्ज गायब. म्हणून एकच रेकॉर्ड ऐकून या स्पीकरवर मत देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आणि १५ ओहमवर तुमच्या ट्रान्झिस्टर अँपची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, स्पीकर मुळातच कमी वाजणारा, ८२-८३ डेसिबलवाला, म्हणजे रात्रीचं ऐकणं उत्तम, चार मित्र जमले की संपलं.

तुलना करायला गेलात तर एक पथ्य पाळा. जो स्पीकर जास्त वाजतो तो चांगला वाटतो, हा कानाचा जुना खोडसाळपणा आहे, आणि त्याच व्हॉल्यूमला जेबीएल एआरपेक्षा सरळ मोठा वाजतो, म्हणून दुकानात जेबीएल जिंकतोच. फोनवर डेसिबल मोजायचं अॅप टाका, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला तपासणीचा फुसफुसाट) लावून प्रत्येक जोडीचा आवाज बसायच्या जागेवरून सारखा करून घ्या आणि मगच ऐका. मरँट्झवर दोन जोड्यांसाठी वेगवेगळी बटणं आहेत, दोन जोड्या जोडून अदलाबदल करता येईल, फक्त दोन्ही एकदम दाबू नका, ४ ओहमच्या जोडीला समांतर दुसरी जोडी लागली की अँपचा घाम निघतो.

पण खरं घोडं पेंड खातंय ते अवस्थेत. पन्नास वर्षांच्या मालाचं असंच असतं, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. एआर-३ए बघायला जाल तेव्हा मागचे दोन पॉट गाणं चालू असताना हळूहळू फिरवा. खरखर, आवाज मध्येच जाणं, मग परत येणं, हे जवळपास प्रत्येक जोडीत असतं कारण आतल्या धातूवर हिरवट थर चढतो. ट्वीटर मुका असेल तर लगेच मेला म्हणू नका, बहुतेक वेळा दोषी पॉट असतो, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं म्हणून तिथे भाव पाडता येतो. वूफर काढला की त्या भोकातून पॉटपर्यंत हात जातो, आत काचेची लोकर कोंबलेली असते, हातमोजे घाला नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. साफ होत नसेल तर १६ ओहमचा नवा वायरवाउंड पॉट किंवा एल-पॅड (तेच काम करणारी दुसरी कळ) टाकायचा. परत बसवताना वूफरच्या कडेची पुटी नीट दाबा, पेटी हवाबंद राहिली नाही तर विलचरसाहेबांचं सगळं शास्त्र वाया. तपासायला कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून सोडा, सावकाश परत आला तर सील ठीक, टपकन आला तर कुठेतरी गळतंय.

सुरुवातीच्या ३ए ना कापडी सराउंड (कोनच्या कडेची लवचिक पट्टी) आहे, ते टिकतं. नंतरच्यांना फोम, आणि तो कधी ना कधी पिठासारखा होतोच. विक्रेता म्हणाला नवीन फोम लावलाय तर कोणी लावला आणि कुठला ते विचारा, जाड कडक फोम लावला की बेस आखडतो. एल-१०० च्या वूफरला ही कटकट नाही, तिथे सडतो तो पुढचा ग्रिल आणि त्याचे नवीन मिळतात. क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर सरसकट बदला म्हणणारे बरेच भेटतील. मी मोजतो, घसरले असतील तेवढेच बदलतो, आणि सोन्याच्या भावाचे तर मुळीच घेत नाही.

पॉट दुरुस्तीचा कंटाळा असेल आणि स्त्री गायिकाच जास्त ऐकत असाल तर रॉजर्स घ्या, हरकत नाही.

पुण्याचं म्हणाल तर स्पीकरला व्होल्टेजशी काही देणंघेणं नाही, मरँट्झला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, १२० चं मॉडेल आहे. मात्र विकणारा एआरचं टर्नटेबल सोबत फुकट देतोय म्हणालात ना, तिथे जपून. त्याची मोटर सिंक्रोनस, म्हणजे वेग ठरतो तो लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर, आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. इथल्या ६० ऐवजी तिथल्या ५० हर्ट्झवर तबकडी मिनिटाला ३३ ऐवजी पावणेअठ्ठावीस फेरे घेईल आणि काळी पाचच्या बाई पांढरी पाचच्याही किंचित खाली गायला लागतील. त्या टर्नटेबलची ५० हर्ट्झची पुली वेगळी यायची, जुनी मिळाली तर निघायच्या आत इथेच मिळवून ठेवा, तिकडे शोधत बसू नका.